राखून ठेवलेला डाव

पहाटे साडेपाचला बाणेर रस्त्यावर जागे असतात ते दूधवाले, फिरायला निघालेले आजोबा आणि फिटनेस स्टुडिओच्या फ्रंट डेस्कवरची पोरगी. ऋतुजा त्यातली तिसरी. इस्लामपूरहून बी.कॉम. करून आलेली, बालेवाडीत पीजीला राहणारी. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं काचेचं दार उघडायचं, एसी लावायचा, निलगिरीच्या तेलाचा डिफ्युझर सुरू करायचा, नॅपकिनच्या गुंडाळ्या टोपलीत रचायच्या. मग आठही रिफॉर्मर फडक्यानं पुसून त्यांचे पट्टे समान लांबीवर आणायचे आणि प्रत्येक स्प्रिंग एकदा ओढून बघायची. सहाच्या बॅचची मंडळी पावणेसहापासून जिना चढायला लागतात.

रिफॉर्मर म्हणजे रुळांवर पुढेमागे सरकणारी एक अरुंद खाट. सरकत्या गादीला खालून स्प्रिंगा जोडलेल्या. या स्टुडिओत लाल स्प्रिंग सगळ्यात जड, निळी मध्यम, पिवळी हलकी. ज्यानं हे यंत्र घडवलं त्या जोसेफ पिलाटीझ यांचा काळापांढरा फोटो डेस्कमागच्या भिंतीवर होता. १८८३ मध्ये जर्मनीत जन्मलेलं हे लहानपणी सतत आजारी असणारं मूल. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला परका म्हणून छावणीत डांबलं. तिथल्या रुग्णांच्या खाटांना त्यानं स्प्रिंगा बांधल्या आणि पडल्या पडल्या माणसांना हालतं केलं, अशी गोष्ट सांगतात. पुढं न्यूयॉर्कला व्यायामशाळा काढली, नर्तक-नर्तकींची रांग लागली, १९६७ मध्ये तो गेला. २००० साली अमेरिकेतल्या एका न्यायालयानं ठरवलं की 'पिलाटीझ' हे या व्यायामपद्धतीचं नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, योगासारखंच ते सगळ्यांचं. आता बाणेरला दोन चौकांत तीन पाट्या दिसतात, त्यात नवल नाही. तसं उपकरणांच्या आधारानं शरीर शिकवणं पुण्याला नवं नव्हतंच. १९७५ पासून अय्यंगारांच्या योगसंस्थेत दोर, खुर्च्या, लाकडी विटा घेऊन माणसं आसनं शिकताहेत. पण तिथं निलगिरीचा वास नाही आणि पायमोज्यांचं दुकानही नाही.

इथं आहे. रबरी ठिपक्यांचे मोजे घातल्याशिवाय मशीनवर पाय ठेवायचा नाही, हा नियम. रोज कुणी ना कुणी मोजे विसरतं आणि काउंटरवरून सहाशे रुपयांची नवी जोडी घेतं. मोज्यांवरून कुणी भांडत नाही. भांडण होतं ते रद्द केलेल्या सेशनवरून. बारा तास आधी कळवलं नाही तर सेशन गेलं, पैसेही गेले. "अगं, रात्री दोनला मुलाला ताप चढला," असं कळवळून सांगणाऱ्या बाईला ऋतुजा काय सांगणार? ताप बारा तास आधी कळवून येत नाही, हे तिला पटतं, सॉफ्टवेअरला पटत नाही. अशा वेळी तिनं हसऱ्या चेहऱ्यानं "आय अंडरस्टँड, मॅम" म्हणायचं असतं. ते ती दिवसातून इतक्यांदा म्हणते की आईचा फोन आला तरी तोंडून तेच निघतं.

साध्या जिममध्ये महिन्याला दीड हजार भरा, कुणी तुमच्याकडे बघत नाही. इथं एकेका तासाला दीड हजार, आणि बघतात. खरं तर विक्री त्याचीच. आठ मशीन, आठ माणसं, प्रत्येकाचं नाव तोंडपाठ, कुणाचा डावा गुडघा दुखतो, कुणाची मुलगी बारावीला आहे, सगळं डेस्कवरच्या पोरीला माहीत हवं. आत शिकवणाऱ्यांना तर हवंच. त्यांना पगार नाही, क्लासमागे पैसे. सकाळी सहा ते दहा, मग संध्याकाळी पाच ते नऊ, आणि अकराची एक बॅच सोडली तर मधली दुपार ना सुट्टीची ना कामाची. पँट्रीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डबा खायचा, तिथंच पेंगायचं. शुक्रवारपर्यंत आवाज बसतो. दिवसभर क्लास घेणारा माणूस स्वतः व्यायाम कधी करतो, असं विचारलंत तर तो हसतो.

शिकवणारे चौघं होते, पण चर्चा दोघांचीच व्हायची. कबीर आणि वैशालीताई.

कबीर सव्वीस वर्षांचा. त्याच्या संध्याकाळी सहाच्या बॅचला बारा-बारा जण वेटलिस्टवर. गाणी अशी लावायचा की सरकत्या गादीलाही ठेका यावा. दर आठवड्याला नवी रचना, नवं आव्हान आणि शेवटी एक रील. पोरगा मनानं चांगला, कष्टाळू. त्याच्या हाताखाली माणसं घामाघूम होऊन, खूश होऊन बाहेर पडत आणि जाता जाता पुढच्या छत्तीस सेशनचं पॅकेज घेत.

वैशालीताई पंचेचाळिशीच्या. पेठेतल्या तालमीत दोरीच्या मल्लखांबावर वाढलेल्या. बाळंभटदादा देवधरांपासून चालत आलेली ती विद्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यात दोरीची आढी घालून उलटं लटकायला त्या सातव्या वर्षी शिकल्या होत्या. नंतर रीतसर पिलाटीझचं प्रशिक्षण घेतलं. त्यांच्या क्लासला गाणी नसत. नवं काही नसे. तेच फूटवर्क, तोच श्वास, तोच "बरगड्या मिटा, मान सोडा." साहजिकच त्यांना अकराची बॅच मिळाली होती. अकराला नोकरदार येत नाहीत. निवृत्त माणसं येतात, बाळंतपणानंतरच्या बायका येतात आणि डॉक्टरांनी 'काहीतरी हलका व्यायाम करा' म्हणून सोडून दिलेले येतात.

त्या बॅचला पर्वतीच्या बाजूनं एक जोशीकाकू येत. बँकेतून निवृत्त. उजवा खांदा आखडलेला, हात कानाच्या वर जाईना. फॉर्मवर 'तुमचं उद्दिष्ट' या रकान्यात लोक 'वजन कमी करणे', 'टोनिंग' असं लिहितात. काकूंनी लिहिलं होतं, 'स्वतःचा अंबाडा स्वतः घालणे'. दीड वर्ष सून वेणी घालून देत होती. सून चांगली होती, काकूंना अडचण नेमकी तीच वाटे. वाईट सुनेला निदान नको म्हणता येतं.

ऋतुजा काचेतून बघायची. ताईंनी काकूंना गादीवर उताणं झोपवलं, हातात पट्टा दिला आणि खाली सगळ्यात हलकी पिवळी स्प्रिंग लावली. हात वर न्यायचा तो स्प्रिंगेच्या ओढीनं, आणायचा आपल्या जोरानं. ताईंची दोन बोटं काकूंच्या खांद्याच्या पात्यावर. पातं कानाकडे पळायला लागलं की बोटं नुसती टेकायची, ताई काही बोलायच्या नाहीत. काही आठवड्यांनी पिवळी स्प्रिंगही काढली.

"अहो, हे तर जास्त जड गेलं!" काकू म्हणाल्या.

"जाणारच. आजवर ती सांभाळत होती, आता तुम्ही सांभाळताय."

रिफॉर्मरची ही गंमत नव्या माणसाला उमगत नाही. पुष्कळ व्यायामांत स्प्रिंग जड असली की सोपं जातं, हलकी केली की पोट थरथरतं. कबीरच्या बॅचमधले हौशी लोक "अजून एक लाल लावा" म्हणत. ताई काढत.

मग यंत्रही गेलं. ताईंनी काकूंना दाराच्या कडीला जुनी ओढणी अडकवून करायचे चार प्रकार शिकवले, ते उलटे त्यांच्याकडून म्हणवून घेतले, चुकीचं करून दाखवलं आणि चूक ओळखायला लावली. पॅकेज संपलं त्या दिवशी काकू केस मोकळे सोडून आल्या होत्या. डेस्कसमोरच्या आरशात बघून त्यांनी दातांत पिना धरल्या, दोन्ही हात मागं नेले आणि अंबाडा घातला. जरा तिरका झाला. पुन्हा सोडून पुन्हा घातला. डेस्कवर फोन वाजत होता, ऋतुजानं तो वाजू दिला.

"पुढचं पॅकेज, काकू?" तिनं शेवटी विचारलं. विचारावंच लागतं.

"वैशाली म्हणते नको. घरी कर म्हणते, अडलं तर फोन कर." काकूंनी पर्समधून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि त्या गेल्या.

ऋतुजानं त्यांच्या नावापुढे 'रिन्यूअल: नाही' भरलं. खाना लाल झाला.

स्टुडिओच्या मालकीण असलेल्या मॅडमच्या लॅपटॉपवर रिन्यूअलचा तो तक्ता रोज उघडायचा. कबीरच्या ओळी हिरव्यागार. ताईंच्या ओळी उन्हाळ्यातल्या गुलमोहरासारख्या. महिनाअखेरीला कधी कधी शंभरातले साठसुद्धा थांबत नसत.

इथं मॅडमना खलनायिका करणं सोपं आहे, पण त्या तशा नव्हत्या. आयटीतली नोकरी सोडून त्यांनी हा डाव मांडला होता. बाणेरचं भाडं, परदेशातून आणलेल्या मशीनचे हप्ते, दर काही काळानं बदलायच्या स्प्रिंगा, सगळं त्यांच्या एकटीच्या सहीवर. जानेवारीत संकल्पवाल्यांची झुंबड उडते आणि मार्चमध्ये निम्मे गळतात. स्टुडिओ जगतो तो टिकणाऱ्यांवर. मुलाहिजा नको म्हणून त्यांनी नियमच करून टाकला होता: ज्याचं रिन्यूअल सलग तीन महिने साठ टक्क्यांखाली राहील, त्याची बॅच सॉफ्टवेअर आपोआप दुसऱ्याला देईल. कुणी येऊन गळ घालू नये म्हणून तो रकाना कुलूपबंद केला, पासवर्ड स्वतःकडे ठेवला.

सोमवारच्या मीटिंगला त्यांनी वाघाच्या मावशीची गोष्ट सांगितली. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही. म्हणून वाघ उलटला तेव्हा ती वाचली. "आपल्या कोल्हापूरचे वस्तादही एक डाव राखून ठेवत. सगळं दिलंत तर माणूस परत का येईल? वैशालीताई, मी तुम्हालाच सांगतेय असं नाही."

सगळे ताईंकडे बघायला लागले.

"वस्ताद राखतो तो डाव," ताई म्हणाल्या, "कारण चेला उद्या मातीत समोर उभा राहणार असतो. जोशीकाकू माझ्यासमोर कशाला उभ्या राहतील?"

कबीर हसला आणि मॅडमनी बघितल्यावर पाणी प्यायला.

त्या रात्री हिशेब बंद करताना ऋतुजाला एक गोष्ट दिसली. नव्या माणसाच्या फॉर्मवर तळाला एक रकाना असतो, 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' तो कुणी वाचत नाही. ऋतुजानं सहज म्हणून वर्षभराचे फॉर्म चाळले. इन्स्टाग्राम, इन्स्टाग्राम, गुगल. आणि मध्येच 'बँकेतल्या जोशीबाई'. 'जोशीबाईंचे व्याही'. 'फिजिओथेरपिस्ट'. 'आमच्या सोसायटीत एकांची पाठ बरी झाली'. जे लाल खान्यात गेले होते त्यांनीच ही माणसं पाठवली होती, आणि येणाऱ्यांमधले बरेचसे सकाळच्या, संध्याकाळच्या बॅचलाही जात होते. कबीरच्या हिरव्या ओळींत ताईंची लाल माणसं मिसळलेली होती.

तिनं कागद मॅडमसमोर ठेवले. मॅडम हुशार. पाच मिनिटांत त्यांना सगळं उमगलं आणि दहाव्या मिनिटाला त्यांनी योजना काढली: 'मैत्रीण आणा, तीन सेशन मोफत मिळवा'.

पुढच्या महिन्यात तो रकाना दुथडी भरून वाहिला. जिन्यात भेटलेल्या दोन अनोळखी बायकांनी एकमेकींना मैत्रीण म्हणून लिहिलं. एका गृहस्थांनी बायकोचं नाव घातलं, बायकोनं त्यांचं. एकानं तर थेट ऋतुजाचं नाव लिहिलं आणि वर विचारलं, "तुला तीन मिळतील ना, त्यातलं एक मला दे." खरं काय, खोटं काय, कळेनासं झालं. योजना गुंडाळली गेली आणि मॅडमनी निष्कर्ष काढला की त्या रकान्यात काही अर्थ नाही. एखाद्या गोष्टीला बक्षीस लावलं की ती गोष्ट राहत नाही, नुसतं बक्षीस राहतं, असं आम्हाला म्हणायचा मोह होतोय, पण मॅडमना त्या दिवसांत दुसरीच काळजी लागली होती.

सांगलीहून त्यांच्या आई आल्या होत्या. वय बाहत्तर. वर्षभरापूर्वी ओल्या फरशीवर पाय घसरला होता. हाड मोडलं नव्हतं, पण मन मोडलं होतं. जिना दिसला की त्या थबकत, भिंत धरत, एक पाय खाली सोडून तिथंच उभ्या राहत. चार पायऱ्यांच्या ओट्यावरून उतरायलाही कुणाचा तरी हात लागे.

मॅडमनी आईचं नाव स्वतः भरलं. चार शिकवणारे, दिवसाच्या एवढ्या बॅच, कबीरकडेही त्या आठवड्यात एक जागा रिकामी होती. ऋतुजाच्या स्क्रीनवर नाव उमटलं ते अकराच्या बॅचला.

ताईंनी आधी डॉक्टरांचा कागद मागितला. मालकिणीची आई असली तरी. मग पहिले काही दिवस आजींना मशीनवर चढवलंच नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, एवढंच. आजी वैतागल्या. "हे बघायला मी सांगलीहून आले? पोरीनं एवढी लाखालाखाची यंत्रं मांडलीत." मग यंत्रावर झोपवून दोन्ही पाय आडव्या दांड्यावर टेकवायला लावले, गुडघे वाकवायचे, सरळ करायचे. उभ्यानं जो भार पेलायची भीती वाटते, तोच आडवं पडून पेलायचा. पडायला जागाच नाही म्हटल्यावर पायांनी हळूहळू काम सुरू केलं. पुढं ताई त्यांना इमारतीच्या जिन्यात घेऊन गेल्या. एसी नाही, निलगिरी नाही, वर-खाली जाणारे डिलिव्हरीवाले. ताई दोन पायऱ्या खाली, आजींच्या समोर, हात मागं बांधून उभ्या.

"हात दे की गं!"

"कठडा आहे ना, आजी. तो सांगलीतही असेल. मी नसेन."

अडीच-तीन महिन्यांनी आजी सांगलीला परतल्या. आठवड्याभरात त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मॅडम डेस्कशीच उभ्या होत्या. आजी औदुंबरला होत्या, दत्ताच्या दर्शनाला. मागं कृष्णेचा घाट दिसत होता. "सगळ्या पायऱ्या उतरले गं, पाण्यात पाय बुडवून आले. नातू वरच बसलाय मोबाइल घेऊन, त्याला म्हटलं तू बस." मॅडम फोनमध्ये बघून हसत राहिल्या, मग नाक पुसायला कागदी रुमाल शोधायला लागल्या. ऋतुजानं खोका पुढं सरकवला.

त्याच संध्याकाळी महिनाअखेर होती. सॉफ्टवेअरनं आपलं काम केलं. मॅडमच्या मेलवर आणि डेस्कच्या स्क्रीनवर एकदमच संदेश आला: वैशालीताईंचं रिन्यूअल सलग तिसऱ्या महिन्यात साठच्या खाली, पहिल्या तारखेपासून अकराची बॅच कबीरकडे वर्ग. तक्त्यातला शेवटचा लाल खाना आजींचा होता. पॅकेज संपलं, नवं घेतलं नाही.

मॅडम स्क्रीनसमोर वाकल्या. "आईचं नाव काढता येईल का यातून?"

"नाही मॅडम. तो रकाना तुम्हीच लॉक केलाय. पासवर्ड तुमच्याकडेच आहे."

मॅडमनी खुर्ची ओढली, पासवर्ड टाकला. आजींचा खाना पांढरा केला. आकडा किंचित वर सरकला, पण साठला टेकला नाही. नजर वरच्या ओळीवर गेली. तिथं एक नाव लाल. त्याच्या वर जोशीकाकू. त्याच्याही वर एक पाठदुखीवाले सोसायटीचे चेअरमन, एक बाळंतीण. मॅडमचा हात माउसवर तसाच राहिला. कबीर क्लास संपवून नॅपकिननं मान पुसत बाहेर आला, त्यानं स्क्रीन वाचली आणि म्हणाला, "मॅडम, अकराची बॅच मला नको. मला त्यांच्यासारखं थांबता येत नाही."

"तू जरा गप्प बस," मॅडम म्हणाल्या. मग ऋतुजाकडे वळून: "या सगळ्यांचा हात वर जायला लागला होता का, जिना उतरता यायला लागला होता का, हे आपण कुठे लिहून ठेवतो?"

ऋतुजानं तक्ता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवून पाहिला.

"तसा रकानाच नाहीये मॅडम आपल्याकडे."